गोचिडीचे बारा महिने

पिवळा ताप भारतात कधीच आला नाही. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत त्याने पिढ्यानपिढ्या माणसं मारली. तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, तरीही हा रोग समुद्र ओलांडून इथे पोचला नाही. तो पोचला तर काय, ही धास्ती मात्र आरोग्य खात्यांना कायम होती, आणि बंदरांवर-विमानतळांवर लसीचे दाखले तपासले जात ते त्यापायीच. जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि मागोमाग माणसं तापाने फणफणली, की पिवळा ताप आला असं समजावं. दक्षिण अमेरिकेतल्या अनुभवाने डॉक्टरांच्या डोक्यात हे गणित पक्कं बसवलं होतं.

१९५७ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून नेमकी अशीच बातमी आली. सोरब तालुक्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास वानरं आणि माकडं मरून पडत होती. त्याच रानात लाकूडफाटा आणि पाला आणायला जाणारे लोक अंथरुणाला खिळत होते. ताप एकाएकी चढे, डोकं फुटायची वेळ येई, कंबर आणि पोटऱ्या इतक्या दुखत की कूस बदलणं मुश्कील होई. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येई. बरे झालेले काहीजण आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पडत, आणि या खेपेला दुखणं मेंदूवर जाई. पहिल्याच हंगामात चारशेहून जास्त लोक आजारी पडले. गावकऱ्यांनी या आजाराला कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे तो पुढे ‘माकडताप’ झाला.

बातमी पुण्याकडे वळली, कारण विषाणूंच्या अभ्यासाची देशातली मोठी प्रयोगशाळा पुण्यात होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली तिथे व्हायरस रिसर्च सेंटर काढलं होतं. करोनाच्या काळात जिचं नाव घराघरांत पोचलं ती एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, ती हीच. १९७८ मध्ये तिला हे नाव मिळालं. १९५७ साली टेलफर्ड वर्क हे अमेरिकन डॉक्टर तिचे संचालक होते, आणि हॅरोल्ड ट्रॅपिडो हे पनामाच्या जंगलांत काम केलेले शास्त्रज्ञ त्यांच्या सोबतीला होते. मंडळी शिमोग्याला निघाली ती डासांचा माग काढायच्या तयारीने.

रुग्णांच्या आणि मेलेल्या माकडांच्या नमुन्यांतून विषाणू हाती लागला. तो पिवळ्या तापाचा नव्हता. त्याची भाऊबंदकी निघाली ती थेट सायबेरियात, तिथल्या तैगा जंगलांत वसंत आणि उन्हाळ्यात मेंदूज्वर घडवणाऱ्या एका विषाणूशी. तो रशियन विषाणू डासांमार्फत पसरत नाही, गोचिडींमार्फत पसरतो. मग तपासाची दिशा बदलली. मेलेल्या माकडांच्या कानामागे, पापण्यांवर, काखेत शोध घेतला तर तिथे बारीक गोचिडी चिकटलेल्या होत्या. जंगलाच्या जमिनीवरून गोळा केलेल्या गोचिडींतही तोच विषाणू मिळाला. मुख्य आरोपी ठरली हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिचं शास्त्रीय बारसं १८९७ सालीच झालेलं होतं, पण साठ वर्षांत तिच्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नव्हतं.

सायबेरियाचा विषाणू शिमोग्यात कसा आला, या प्रश्नाने एक सुरस उपकथा घडवली. हिवाळ्यात उत्तरेकडून भारतात लाखो पक्षी येतात. त्यांच्या पिसांत दडून गोचिडी आल्या असतील का? ही शंका जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत गेली, आणि तिच्याच मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ च्या सुमारास सलीम अलींच्या नेतृत्वाखाली स्थलांतरी पक्ष्यांना वाळे घालायचा मोठा कार्यक्रम सुरू केला. पक्षी जाळ्यात धरायचा, त्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचायच्या, पायात ‘मुंबईच्या सोसायटीला कळवा’ असा इंग्रजी मजकूर कोरलेलं वाळं अडकवायचं आणि सोडून द्यायचं. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका प्रकल्पाचे पैसे आले. सत्तरच्या दशकात त्यावरून गदारोळ झाला आणि संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी पैशावरच्या अशा संशोधनाची झाडाझडती घेतली. पक्ष्यांनी हा रोग आणला याचा पुरावा काही मिळाला नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा मात्र त्यामुळे पहिल्यांदा नीट कळल्या. रोगाच्या शोधाला गेलेल्यांनी पक्षिशास्त्राचं भलं केलं, असा हा प्रकार.

दुसरीकडे पुण्याच्या रक्ततपासण्यांतून एक वेगळीच गोष्ट पुढे आली. सौराष्ट्र-कच्छमधल्या काही लोकांच्या रक्तात या किंवा याच्यासारख्या विषाणूशी झुंजल्याच्या खुणा होत्या. म्हणजे विषाणू नवा आलेला पाहुणा नसावा. तो इथेच कुठेतरी उंदीर-चिचुंद्री आणि गोचिडी यांच्यात गुपचूप फिरत असणार. मग १९५७ सालीच, क्यासनूरच्याच आसपास तो माणसांवर का उलटला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला पुण्याच्या संस्थेने शिमोगा जिल्ह्यातल्या सागर गावी आपलं ठाणं मांडलं. जोर्गे बोशेल, पी. के. राजगोपालन, एम. के. गोवर्धन अशा लोकांनी पुढची कित्येक वर्षं तिथे जे काम केलं, त्याला संशोधनापेक्षा जंगलाची राखण म्हणणं जास्त शोभेल. वानरांचे कळप कुठे फिरतात, कुठला कळप कमी झाला, मेलेलं माकड कुठल्या झाडाखाली मिळालं याच्या नोंदी झाल्या. उंदीर, खारी, चिचुंद्र्या, पक्षी पकडून त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजल्या गेल्या. आणि महिनोन्महिने पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड रानातल्या पाल्यावरून ओढत न्यायचं, काही पावलांनी उलटं करायचं, त्यावर चढलेल्या गोचिडी चिमट्याने वेचून कुपीत टाकायच्या. ऐकायला हे पोरकट वाटतं. पण गोचिडीचं वर्ष उलगडलं ते या कापडामुळे.

ते वर्ष असं चालतं. जूनमध्ये पाऊस पडला की जमिनीत दबा धरून बसलेल्या मोठ्या, पूर्ण वाढलेल्या गोचिडी बाहेर पडतात. त्यांना हवा असतो मोठा प्राणी, म्हणजे गवा, सांबर, चितळ किंवा गाय-म्हैस. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा जोर असतो. मादी त्या जनावराच्या अंगावर रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते, ओल्या पाल्याखाली अंड्यांचा ढीग घालते आणि मरते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून, त्या अंड्यांतून सहा पायांची, मोहरीहूनही बारीक पिल्लं निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर चरणारे पक्षी यांना धरतात. विषाणू त्यांच्या अंगात शिरतो तो बहुतेक इथे. रक्त पिऊन ती गळतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. शास्त्रज्ञ या मधल्या वयाच्या गोचिडीला निम्फ म्हणतात. डिसेंबरपासून निम्फ रानात दिसू लागतात, जानेवारी ते मार्च त्यांचा सुकाळ असतो आणि मेपर्यंत त्या सरतात. निम्फ फारशी निवड करत नाही. उंदीर, वानर, माकड, माणूस, जे समोर येईल त्याला ती चिकटते. तीळभर आकाराची असल्याने चावलेली पुष्कळदा कळतही नाही. शेवटी तीही कात टाकते, मोठी होते आणि पुढच्या पावसाची वाट बघत मातीत पडून राहते.

माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे का, याचं उत्तर या पंचांगात आहे. सागरच्या मंडळींच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. आजारी माकड झाडावरून पडून मेलं, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड होत चाललेलं शरीर सोडून आसपासच्या पाल्यात पसरतात. त्यामुळे मेलेल्या माकडाभोवतीचा तुकडा काही काळ सगळ्यांत घातक. पुढे आरोग्य खात्याने अशा जागेभोवती पन्नास मीटरच्या घेरात मेलॅथिऑनची भुकटी धुरळायची पद्धत पाडली, ती अजून चालू आहे.

हे सगळं मान्य केलं तरी १९५७ चा प्रश्न उरतोच. गोचिडी आधीही होत्या, माकडं होती, माणसं होती.

त्याचं उत्तर दिलं बोशेल यांनी. हा गृहस्थ कोलंबियाचा. तिथल्या जंगलात पिवळ्या तापाचा अभ्यास करताना त्यांनी एक साधी गोष्ट टिपली होती. रोगवाहक डास झाडांच्या शेंड्यांवर राहतात, आणि लाकूडतोड्यांनी झाड पाडलं की ते त्याच्यासोबत खाली येऊन माणसांभोवती घोंगावू लागतात. रोग जंगलात असतोच, माणूस कुऱ्हाड चालवतो तेव्हा तो त्याच्या अंगावर येतो, हा धडा घेऊन बोशेल मलनाडात, म्हणजे शिमोग्याच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात, आले होते. १९६९ साली त्यांनी क्यासनूरबद्दलचं आपलं म्हणणं मांडलं. या भागात लोकवस्ती झपाट्याने वाढली, जंगल तुटून त्याचे तुकडे झाले, तुकड्यांमध्ये भातखाचरं आणि सुपारीच्या बागा आल्या, उघड्या पडलेल्या कडांवर घाणेरी माजली. आणि या सगळ्यात भर म्हणजे गुरं. गावाची गुरं पावसाळ्यात रानात चरायला सोडली जात, म्हणजे नेमकी मोठ्या गोचिडींच्या हंगामात. पूर्वी त्या गोचिडीला एखादं सांबर, एखादा गवा मिळायचा. आता रोज शंभर जनावरं तिच्या दारात येऊ लागली. बोशेल यांच्या मते गोचिडींचं पीक आलं ते या खुराकावर.

यातली खोच अशी की गुरांना हा आजार होत नाही, आणि त्यांच्या रक्तात विषाणू इतका वाढतही नाही की त्यांच्यामुळे गोचिडी बाधित व्हाव्यात. ती फक्त गोचिडींना पोसतात. मरणारं माकड सगळ्यांना दिसतं, त्याच्या नावाने रोगही ओळखला जातो. दावणीला रवंथ करणाऱ्या गायीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मलनाडातले लोक जंगलात जात तेही नेमके चुकीच्या महिन्यांत, आणि त्याला इलाज नव्हता. शिमोगा आणि उत्तर कन्नडच्या सुपारीबागांना ‘सोप्पिनबेट्टा’ नावाचं रान जोडून दिलेलं असतं. बागायतदाराने त्यातला हिरवा आणि वाळका पाला आणायचा, गोठ्यात गुरांखाली अंथरायचा आणि त्याचं खत बागेला घालायचं, अशी ही जुनी रीत. वाळका पाला गोळा होतो तो थंडी सरताना आणि उन्हाळ्यात. निम्फचा मुक्काम त्याच पाल्यात असतो.

मोठ्या जनावरावर गोचीड, लहान जनावरात रोग आणि मधल्यामध्ये माणूस, असा हाच तिढा पुढे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उघड झाला. तिथे गुरांच्या जागी रानटी हरणं होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शेतीसाठी जंगल तोडल्यामुळे आणि शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीचं हरीण एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नाहीसं झालं होतं. शेती पश्चिमेकडे सरकली, पडीक शेतांवर पुन्हा रान उगवलं आणि हरणं परतली. नॅनटकेट बेटावर तर १९२२ साली समुद्रात पोहणारा एक नर कोळ्यांनी उचलून आणला. त्याला सोबत म्हणून १९२६ मध्ये मिशिगनहून दोन माद्या आणल्या गेल्या, आणि बेट हरणांनी भरलं. १९६९ मध्ये त्याच बेटावर गोचिडीतून पसरणाऱ्या बबेसिया या रक्तातल्या परजीवीचा रुग्ण सापडला. १९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातल्या लाइम गावी मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा पॉली मरे नावाच्या एका आईने स्वतःच नोंदी ठेवून डॉक्टरांच्या मागे तगादा लावला. हार्वर्ड विद्यापीठातले अँड्र्यू स्पीलमन आणि त्यांचे सहकारी हे रोग पसरवणाऱ्या हरणांवरच्या गोचिडीमागे लागले आणि तिचं वेळापत्रक त्यांनी मांडलं. मोठ्या गोचिडी हरणांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कडाक्याच्या थंडीत विश्रांती, वसंतात उरलेल्यांची पुन्हा एक फेरी. पिल्लं ऑगस्टच्या आसपास उंदरांवर. निम्फ पुढच्या वर्षी मे ते जुलै, म्हणजे माणसं चड्डी-बनियनवर अंगणात बसतात तेव्हा. तिथला हरणांच्या शिकारीचा हंगामही शरद ऋतूतच येतो. त्यामुळे शिकारी मारलेलं हरीण नोंदवायला आणत त्या नाक्यांवर शास्त्रज्ञ उभे राहून कातड्यावरच्या गोचिडी मोजू लागले. कापड ओढण्यापेक्षा हे सोपं.

लाइम गावाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या सांधेसुजीच्या रोगाचा जिवाणू विली बर्गडॉर्फर यांना १९८१ च्या सुमारास सापडला. तो वाढतो पांढऱ्या पायांच्या उंदरांत, हरणांत तो टिकत नाही. तरीही १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट आयलंडवर जवळजवळ सगळी हरणं काढून टाकली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत उंदरांवरची गोचिडींची पिल्लं झपाट्याने घटली. बोशेल यांनी क्यासनूरच्या गुरांबद्दल जे तर्काने सांगितलं होतं, त्याला इथे हरणांच्या बाबतीत प्रयोगाचा आधार मिळाला. दोन्हीकडे वर्षाची किल्ली तेवढी वेगळी आहे. तिथे ती बर्फाच्या हातात आहे, इथे पावसाच्या.

आपल्याकडे या ज्ञानाचं काय झालं, हे सांगताना थोडं ओशाळायलाच होतं. बोशेल यांच्या लेखाला जेमतेम तेरा वर्षं झाली होती, तोच १९८२ च्या अखेरीस दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यात, निडले गावाजवळ, सदाहरित जंगलाचा मोठा पट्टा साफ तोडण्यात आला. कशासाठी, तर काजूच्या लागवडीसाठी. आधी माकडं मेली, मग मजूर पडले. त्या हंगामात हजारावर लोक आजारी पडले. तोवरच्या कुठल्याही साथीपेक्षा ही मोठी होती. काजूचं नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे.

लसीची कथाही अशीच अडखळत चालली. सुरुवातीला अमेरिकी लष्कराकडून त्या सायबेरियन रोगावरची लस आणून शिमोग्यात टोचली गेली, कारण विषाणू सख्खे शेजारी होते. तिचा काही उपयोग झाला नाही. साठच्या दशकात पुण्यात स्वतंत्र लस तयार झाली. कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवलेला विषाणू फॉर्मॅलिनने मारून ती बनवत. सी. एन. दंडवते आणि त्यांचे सहकारी तिच्यामागे दीर्घकाळ होते. १९९० नंतर कर्नाटकातल्या तीन जिल्ह्यांत तिची मोठी चाचणी झाली आणि ती नियमित टोचली जाऊ लागली. पण दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी एक, मग दरवर्षी एक असा तिचा लांबलचक हिशेब होता, आणि टोचल्यावर दंड ठणकायचा. लोक एका डोसानंतर फिरकेनासे झाले. २००५ ते २०१० या काळातल्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा निघालं की एका डोसाचा उपयोग शून्य, दोन डोसांचा साठेक टक्के आणि पुढचे डोस घेतले तर ऐंशीच्या वर. २०२२ साली कर्नाटकाने ही लस बंद केली. नव्या लसीचं काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतलं आहे.

पुण्याच्या प्रयोगशाळेलाही या विषाणूने सोडलं नाही. नमुने हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना वारंवार लागण झाली, आणि त्यापायी काही काळ काम थांबवावं लागलं. पाषाणला २०१२ मध्ये सर्वोच्च सुरक्षेची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा कुठे हा विषाणू निर्धास्तपणे हाताळता येऊ लागला. खोर्शेद पावरी या संस्थेच्या माजी संचालिकेने माकडतापाच्या लक्षणांवर केलेलं काम डॉक्टरांना आजही उपयोगी पडतं.

२०१२ च्याच शेवटी कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला, चामराजनगर जिल्ह्यात, बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडं मेली. त्यांचे मृतदेह हाताळणाऱ्या सहा जणांना ताप आला. तोवर हा आजार शिमोगा आणि आसपासच्या चार जिल्ह्यांचा मानला जात असे. बंदीपूर हा चितळ, सांबर आणि गव्यांचा मुलूख आहे. मोठ्या गोचिडीला तिथे गावगुरांची वाट पाहावी लागत नाही. पाठोपाठ निलगिरी, वायनाड, मलप्पुरम अशी नावं आली. दक्षिणेकडे रोग उतरत असताना लोकांचं उत्तरेकडे लक्ष नव्हतं.

२०१५ मध्ये गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात रुग्ण निघाले. २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात, केर गावात वानरं मेली आणि माणसं पडली. त्या एका हंगामात तालुक्यात शंभरावर रुग्णांची खात्री झाली. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या परिसरात तोच प्रकार. क्यासनूरपासून केर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढं अंतर कापायला, किंवा तेवढ्या अंतरावर ओळखू यायला, या रोगाला जवळजवळ साठ वर्षं लागली. तो आधीपासून इथे होता आणि साध्या तापात जमा होत होता, की खरोखर सरकत आला, यावर जाणकारांत मतभेद आहेत. कोकणातल्या माणसाला त्या वादापेक्षा महिन्यांचा हिशेब जास्त उपयोगाचा आहे.

कारण दोडामार्ग आणि सत्तरीच्या काजूबागांचं वर्ष गोचिडीच्या वर्षाशी अगदी जुळतं. जानेवारीत बागायतदार झाडाखालची साफसफाई करतो, पातेरा ओढून बाजूला करतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बोंडू पडतात. गोव्यात आणि सिंधुदुर्गात बोंडू सहसा तोडत नाहीत, पिकून खाली पडलेला वेचतात, म्हणजे पुन्हा पातेऱ्यात हात घालणं आलं. काजूची झाडं जंगलाला टेकून असल्याने वानरं-माकडंही त्याच बागेत फिरतात. गोव्यातल्या काजूबागांमधल्या कामगारांना या तापाचा धोका किती, यावर २०१७ मध्ये स्वतंत्र अभ्यासच प्रसिद्ध झाला. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेल्या या झाडाचा दोष नाही. दोष आहे तो जंगल आणि बाग यांच्यात अंतर उरू न देण्याचा. अलीकडच्या नकाशांवरच्या अभ्यासांतही धोक्याची ठिकाणं निघतात ती अशीच: ओल्या सदाहरित रानात घुसलेली लागवड आणि आसपास गुरांची दाट वस्ती. बोशेल पन्नास वर्षांपूर्वी यापेक्षा वेगळं काही म्हणाले नव्हते.

आता कोकणातली गुरं बघा. पावसाळ्यात शेतं लावलेली असतात, म्हणून गुरं राखणीने सड्यावर, डोंगरावर नेतात. मोठी गोचीड जुलै-ऑगस्टमध्ये तिथेच असते. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात आणि बागांतून हिंडतात. त्यात सिंधुदुर्गात गव्यांचे कळप अलीकडे शेतापर्यंत येऊ लागले आहेत, आणि भेकर-सांबर तर रानात आहेतच. गोचिडीची सोय बारा महिने लागलेली आहे. आपली सरकारी धावपळ मात्र सुरू होते जानेवारीत, पहिलं माकड मेल्यावर. भुकटी येते, अंगाला लावायचं डेपा तेल येतं, फलक लागतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने शोधलेलं ते तेल उपयोगी आहे, ते वाटायलाच हवं. पण त्या वेळी निम्फ पाल्यात उतरलेली असते. तिच्या आईचा बंदोबस्त करायचा तर पशुवैद्यकाने जून ते ऑगस्टमध्ये गोठ्यात जायला हवं, गुरांवर गोचीडनाशक वापरायला हवं, आणि तेव्हा आरोग्य खात्याच्या दृष्टीने माकडतापाचा हंगाम संपलेला असतो. दोन खात्यांची दोन वेगळी वर्षं, आणि गोचिडीचं तिसरं. २०१८-१९ मध्ये सागर तालुक्यातल्या अरळगोडू गावात मोठी साथ आली आणि माणसं दगावली. ज्या तालुक्यात या रोगावर एवढं संशोधन झालं, त्याच तालुक्यात हे घडलं.

या रोगावर अजून नेमकं औषध नाही. जुनी लस बंद आहे, नवी आलेली नाही. रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोचला तर सलाइन, रक्तस्रावावर नजर आणि साधी शुश्रूषा यांवर बहुतेक जण वाचतात, आणि माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. म्हणून दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी या भागांत राहणाऱ्यांनी किंवा मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी एवढं पाळावं: मेलेल्या वानराला किंवा माकडाला हात लावू नये, जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं. पातेऱ्यावर बसू-लोळू नये. बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी, आणि चिकटलेली गोचीड चिरडू नये, चिमट्याने अलगद ओढून काढावी. पाऊस लागला की गुरांच्या अंगावरच्या गोचिडी गुरांच्या डॉक्टरला दाखवाव्यात. आणि जानेवारी ते मे या काळात अंगदुखीसह ताप भरला, तर डॉक्टरने विचारायची वाट न पाहता आपण काजूच्या बागेत गेलो होतो हे पहिल्या वाक्यात सांगावं.